शनिवारची कासवं

माझा धाकटा भाऊ म्हणजे पक्का होयबा. गावही त्याला त्याच नावानं हाक मारतं, आणि हा बावळट त्यालाही "ओ" देतो. पन्नाशी उलटली तरी "आक्का, जेवायला बसू का?" असं विचारणारं हे ध्यान मी आयुष्यभर सांभाळलं. एक काम मात्र त्याला येतं. किनाऱ्यावर कासवीण अंडी घालून गेली की तो भोवती जाळी लावतो, दिवस मोजतो, आणि पिल्लं निघायच्या सुमारास वर टोपली पालथी घालतो, म्हणजे कावळे-कुत्री तोंड घालत नाहीत. पहाटे टोपली उचलली की पिल्लं तुरुतुरु समुद्रात. याचा त्याला छदामही मिळत नाही. माझ्या लॉजच्या सहा खोल्या भरतात त्या मात्र याच पिल्लांवर.

आणि त्या भरतं कोण, तर शहरातली ही दोन दिवसांची निसर्गप्रेमी मंडळी! गाडीतून उतरल्या उतरल्या, "डॉल्फिन किती वाजता?" एका बाईंना खेकड्यांची भीती वाटायची, तर वाळू झाडून द्याल का म्हणाल्या. रविवारी दुपारी सामान भरलं की संपला यांचा निसर्ग.

त्या शनिवार-रविवारसाठी सगळ्या खोल्या आधीच ठरलेल्या, आणि कासवांची कारटी अंड्यांतून निघाली गुरुवारीच. भाऊ धावत स्वयंपाकघरात आला.

"आक्का, बेचाळीस आहेत! सोडू ना?"

"मग शनिवारी लोकांना काय वाळू दाखवू? राहू दे टोपलीखाली."

"अगं, एवढा दम नसतो त्यांच्यात. निघाली की लगेच पाण्यात जावी लागतात."

"दोन दिवसांनी काही होत नाही. ओलं फडकं टाक वर."

"हो," म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी सकाळी पुन्हा दारात. "मंदावलीत गं. आता तरी सोडू?"

"एकदा सांगितलं ना!" मी चहा गाळत होते, मान वर केली नाही. तो दिवसभर टोपलीपाशी बसून राहिला, जेवायलाही आला नाही. मला रागच आला. सोडायचीत तर सोड ना बाबा, मी काय तुझा हात धरलाय?

शनिवारी साडेसहाला बोलावलेली मंडळी साडेआठला उगवली. ऊन चढलं होतं. टोप्या सारख्या करून, मोबाइल रोखून सगळे उभे राहिले. मी चहाचा ट्रे घेऊन मागे. भावानं टोपली उचलली. पाच पिल्लं सरपटत निघाली. बाकीची हललीच नाहीत. तरी टाळ्या पडल्या!

"बाकीची झोपलीत वाटतं?" खेकड्यांना भिणाऱ्या बाई लाडानं म्हणाल्या.

"मेलीत," भाऊ म्हणाला. "परवाच निघाली होती. तुम्ही येणार म्हणून मी कोंडून ठेवली."

"मी" म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाई रडायला लागल्या. त्यांचे यजमान तणतणत माझ्याकडे आले. "कसला निर्दयी माणूस आहे हो हा! पोरांसमोर असलं दाखवायचं? तुमच्याकडेच कामाला आहे ना? आधी काढून टाका त्याला."

पाच पिल्लांच्या मागे भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मी यजमानांपुढे चहाचा कप धरला आणि म्हणाले, "बघते मी."