तोंडाला मफलर

सामना बघायला बसलेल्या हेड्डा लुंडीनने सुया लोकरीत खुपसल्या. आता विणणं होणार नव्हतं.

कॅन्ससमधल्या त्या स्वीडिश गावात बास्केटबॉल बेताबेताने खेळत. चेंडू समोरच्यांकडे गेला की सगळे मागे येऊन आपल्या बास्केटखाली उभे राहत. तिच्या नवऱ्याने, कॉलेजच्या एमेट मास्तरांनी, हे मोडलं. चेंडू गेला रे गेला की त्यांची पोरं समोरच्यांना त्यांच्याच टोकाला जाऊन घेरायची. पण शेवटी दमायची आणि हरायची. आज हरलात तर नोकरी संपली, असं प्राचार्य नॉर्बींनी सांगून टाकलं होतं. घरही कॉलेजचंच. हेड्डाने कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या.

"हेड्डाबाई, कोंबड्या पकडायला शिकवतात का हो तुमचे यजमान?" मागून नॉर्बीबाईंनी विचारलं.

"हो. सापडली की पाठवते तुमच्याकडे."

आवाज तिचा तिलाच परका वाटला. मास्तरांच्या पोरांची आघाडी घसरून एका गुणावर आली होती. घेरणाऱ्या पोरांच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकायची युक्ती समोरच्यांना सापडली होती. कप्तान आयव्हरने खेळ थांबवला आणि मास्तरांच्या बाकाकडे पाहिलं.

त्या काळच्या नियमाने थांबलेल्या खेळात मास्तर एक शब्द बोलला, तरी दंड बसायचा आणि समोरच्यांना गुणाची संधी मिळायची. म्हणून तर एमेट सरावात तोंडाला मफलर बांधून बसत. पण सरावात घर पणाला नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मग ते मान खाली घालून बुटांकडे बघत राहिले.

पोरांनी आपसात कुजबुज केली आणि खेळ सुरू होताच सरळ मागे गेली, जुन्या रीतीने बास्केटखाली. लांबचे चेंडू आता त्यांच्याच हातात पडू लागले. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तो एक गुण शाबूत होता.

नॉर्बी कॉफी घेऊन आले. "मास्तर, पोरांनी तुमचं ऐकलंच नाही."

"नाही ऐकलं."

"मग पगार कशाचा देऊ?"

"त्यांना आपलं आपण सुचलं, त्याचा."

नॉर्बींनी हातातला कप मास्तरांपुढे केला. "एक वर्ष. पुढचं पुढे."

त्यानंतर दर वर्षी तेच, एकेकच वर्ष. कपबशांचं खोकं हेड्डाने कधी पुरतं उघडलं नाही.

पुढे आयव्हर शेजारच्या गावात मास्तर झाला. हेड्डा सामना बघायला गेली, तर तो बाकावर ओठ मिटून बसलेला, पोरं पार त्या टोकाला जाऊन घेरतायत. वरच्या रांगेत त्याच्या बायकोच्या हातातल्या सुया थांबल्या होत्या. हेड्डा तिच्याशेजारी जाऊन बसली.