अलीम पेंटरची तारीख

अलीम पेंटरचे गुडघे आता शिडीला भितात. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने शिडी चढू नये हे त्यालाही कळतं, पण कळणं आणि परवडणं यांची गाठ कधी पडलीय? नगरच्या एमआयडीसीतल्या भिंतींवर तीस वर्षं त्याने कारखानदारांचा धाक रंगवला. हेल्मेट घातलंच पाहिजे, आत येताना सही केलीच पाहिजे. सगळं इंग्रजीत, कारण धाक इंग्रजीत असला की जास्त बसतो अशी साहेबलोकांची समजूत. ज्यांच्यावर तो बसायचा त्यांच्यातल्या निम्म्यांना ते वाचता येत नाही, याचं कुणाला काही नव्हतं.

अलीम स्वतः सातवी नापास. धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्याने एका कारखान्याच्या भिंतीवरचा 'नॉट' गाळला. जागा पुरत नव्हती, आणि तीन अक्षरांनी काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. 'इथे विडी ओढता कामा नये' याचं 'इथे विडी ओढलीच पाहिजे' झालं. दुसऱ्या दिवशी दोन-चार शिकलेले कामगार त्या भिंतीखाली उभे राहून विड्या ओढत होते आणि सुपरवायझरला सांगत होते, हुकूम आहे साहेब. मॅनेजरने अलीमला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. सगळे हसले, आणि ते हसू त्याच्या कानात बरीच वर्षं राहिलं. तेव्हापासून त्याचा नेम, अर्थ कळल्याशिवाय ब्रश रंगात बुडवायचा नाही.

अर्थ विचारायला तो सावेडीला ज्ञानेश्वर सरांकडे जायचा. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. त्यांच्या बंगल्याची पाटी अलीमनेच रंगवलेली, तेवढ्यावर ओळख जमली.

"मस्ट म्हणजे सांगणाऱ्याचा हुकूम," सर चहा ओतता ओतता सांगायचे. "शुड म्हणजे सल्ला, ऐकलात तर तुमचंच भलं. आणि हॅव टू म्हणजे हुकूम देणारा समोर कुणी नसतो, तरी करावं लागतं. परिस्थिती करायला लावते."

अलीमने डोक्यात त्यांना रंग देऊन टाकले. मस्ट लाल, शुड निळा. हॅव टूला रंग सुचेना. "सर, याचा बोर्ड मला कुणी अजून सांगितला नाही."

"सांगणारही नाही," सर म्हणाले. "तो न लिहिताच सगळ्यांना कळतो."

त्याचा दुसरा नेम सहीचा. प्रत्येक कामाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अलीम, नगर' आणि पुढे महिना आणि वर्ष. सरकारने जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा दुसरे पेंटर चिडवायला लागले, आता तुझी सही बदल. अलीम म्हणाला, "कशाला? नगर दोन्हीत आहे." तारीख मात्र इतर कुणी टाकत नसे. रंग किती वर्षं टिकला हे गिऱ्हाइकाला कळावं, उडाला तर त्याने येऊन खुशाल कॉलर धरावी, एवढाच त्याचा हेतू. पण हळूहळू कारखान्यांत रिवाजच पडला. अमुक शेड कधी बांधली, तमुक मशीन कधी आलं, असा वाद निघाला की लोक म्हणायचे, अलीमची तारीख बघा. बघितली की वाद मिटायचा.

मग फ्लेक्स आले, छापील स्टिकर आले, आणि ब्रश धरणाऱ्याला कुणी विचारेना. मुलगा हारिस पुण्याला नोकरीला लागला. घरी अलीम आणि बायको गौहर. एकेक करत सगळी गिऱ्हाइकं सुटली, एकच कारखाना उरला. पत्र्याचे सुटे भाग ठोकणारा. तिथल्या फरशीवरचे पिवळे पट्टे आणि भिंतीवरच्या सूचना अजून तो रंगवायचा. तिथे शिडी धरायला वाल्मिक असायचा. पाथर्डीकडचा, कंत्राटी कामगार, प्रेस मशीनवर. जेवणाची सुट्टी झाली की डबा बाजूला ठेवून येऊन शिडीला खांदा लावायचा.

"चाचा, हे लाल काय म्हनतंय?" प्रत्येक बोर्डाला विचारायचा.

अलीम वरूनच सांगायचा. वाल्मिक पाचवी शिकलेला, पण एकदा सांगितलं की त्याच्या ध्यानात पक्कं राहायचं. पुढे तोच इतरांना बोट दाखवून सांगे. अलीमला हा माणूस मनापासून आवडायचा. तीस वर्षांत आपलं लिहिलेलं वाचणारा त्याला हा एकच भेटला होता.

गेल्या महिन्यात कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. आत्ताच या, अर्जंट आहे. कारखाना सुनसान. वाल्मिकच्या प्रेसवर ताडपत्री टाकलेली, आणि मशीनच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून असते ती लोखंडी जाळी नव्या चकचकीत नटांनी बसवलेली. ती जाळी सहा महिने कोपऱ्यात धूळ खात पडलेली अलीमने स्वतः पाहिली होती. जाळीने काम सावकाश होतं म्हणून सुपरवायझरनेच काढायला लावली होती. खालची फरशी नुकतीच धुतलेली होती.

"वाल्मिक कुठे आहे?" अलीमने वॉचमनला विचारलं.

"सुट्टीवर," वॉचमन दुसरीकडे बघत म्हणाला.

मॅनेजरने कागद दिला. ऑपरेटर मस्ट नॉट स्टार्ट मशीन विदाउट गार्ड. म्हणजे जाळी लावल्याशिवाय मशीन सुरू करता कामा नये. "प्रेसच्या वर, मोठ्या अक्षरांत. आणि जरा जुनं दिसू द्या. खाली तुमची तारीख टाकता ना, ती एकवीस सालची टाका."

अलीम कागदाकडे बघत राहिला. तीस वर्षं शब्दाशब्दाचा अर्थ विचारणारा माणूस, त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग काम करता आलं नसतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. हे काम गेलं तर पुढे काय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. करावं लागतंय, असं तो स्वतःशी म्हणाला. शिडी त्याने सुतळीने खांबाला बांधली आणि एकटाच वर चढला. लाल रंगात थोडा काळा आणि पिवळा मिसळून तो मळकट केला, अक्षरं सुकल्यावर मशीनच्या तेलाचं फडकं हलक्या हाताने फिरवलं, वर धूळ थापली. काम झकास झालं. इतकं झकास की त्याला स्वतःलाच किळस आली. कोपऱ्यात त्याने लिहिलं, 'अलीम, नगर, मार्च २१.'

घरी येऊन तो न जेवता पडून राहिला. गौहरने विचारलं तर म्हणाला, गुडघे दुखतायत.

पंधरा दिवसांनी दुपारी त्याच्या पाट्या रंगवायच्या दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. "अलीमचाचा तुमीच ना? मी जया. वाल्मिकची बायकू."

अलीमने स्टूल पुसून पुढे सरकवलं.

जयाने मोबाईल काढला. "ह्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, चाचा. प्रेसमधी. भरपाईसाठी आमी कामगार अधिकाऱ्यांकडं अर्ज केला, तर कंपनीनं ह्यो फोटू दिला. म्हंत्यात, चार वर्सांपास्नं बोर्ड हाय, तुमच्याच नवऱ्यानं जाळी काढली. ह्यांना तर बोर्ड आठवंना झालाय."

आता ही आपल्या तोंडावर बोलणार, याची अलीम वाट बघत होता. बोलली असती तर बरं झालं असतं.

"पन फोटूत खाली तुमचं नाव बघितलं आन् हे गप्पच झाले," जया म्हणाली. "म्हंले, अलीमचाचाची तारीख कधी खोटी नसती. बोर्ड हुताच. माझीच नजर गेली न्हाई. आता अर्ज मागं घेऊ म्हंत्यात. मंगळवारी सायबापुढं तसं सांगनार हायेत." तिने मोबाईल पुढे केला. "तेवढं वाचून दावा, चाचा. काय लिवलंय त्ये. आपलं काय चुकलं, तेवढं तरी त्यांना कळू द्या म्हंत्यात."

रस्त्यावरून टेम्पो गेले, रिक्षा गेल्या. अलीमने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आपल्याच अक्षरांकडे त्याला बघवेना.

"ते वाचायची गरज नाही, बेटी," तो शेवटी म्हणाला. "हे मी गेल्या महिन्यात रंगवलंय. वाल्मिकची बोटं गेल्यानंतर. तारीख खोटी आहे."

जयाने मोबाईल मागे घेतला. "मग ह्यांची चूक न्हाई?"

"नाही. त्याची काहीच चूक नाही. मंगळवारी मी येतो साहेबांसमोर. मीच सांगतो."

ते काम आता गेलंच, हे बोलता बोलता त्याला कळलं, आणि कळूनही फारसं काही वाटलं नाही. इतका तो थकला होता. जयाने पदराने डोळे पुसले, नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. "तुमीच सांगा त्यांना. माझं खरं वाटायचं न्हाई."

"वाल्मिक," अलीम म्हणाला, "तो बोर्ड नव्हताच. तुझ्या अपघातानंतर सुट्टीच्या दिवशी मला बोलावलं आणि मी तो रंगवला. तुझी नजर चुकली नाही. मी खोटं लिहिलं."



"चाचा," वाल्मिकने हळूच विचारलं, "तुमचे गुडगे तसले. मग त्या दिशी शिडी कुनी धरली?"

"कुणीच नाही," अलीम म्हणाला.