नियम बदलल्याचा फोन

माझ्या तोंडून ही गोष्ट कधी बाहेर पडलेली नाही. तुम्ही म्हणाल, मग आजच का? — कारण परवा ती दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडणार आहे, आणि तेव्हा मी त्याच खोलीत असणार आहे.

परवा आमचा ओंकार येतोय. अमेरिकेहून, बायको रेचल आणि छोट्या मुलीला घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच. आमचं बहरीनमधलं, ईसा टाउनचं घर अनघाने — माझ्या बायकोने — धुऊनपुसून लख्ख केलंय. बेसन भाजल्याचा वास पार जिन्यापर्यंत येतो. तिच्या अंगात दहा जणींचं बळ आलंय, आणि मी मात्र घरात पाऊल टाकण्याआधी जिन्यातच रेंगाळतो.

कुठून सुरुवात करू? — ओंकार तिकडे शिकायला गेला आणि मॉर्मन झाला, म्हणजे तिकडच्या एका ख्रिस्ती पंथात गेला. मग रेचलशी लग्न ठरलं आणि त्याने आम्हाला त्यांची रीत समजावून सांगितली. लग्न त्यांच्या मंदिरात. आत फक्त त्यांच्या पंथातली माणसं, तीही परवानगी मिळालेली. बाकीच्यांनी, अगदी आईबापांनीसुद्धा, बाहेर बसायचं. आधी सगळ्यांसमोर साधं लग्न लावलं, तर मंदिरातल्या विधीसाठी पुढे वर्षभर थांबावं लागायचं, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. अनघा त्या दिवशी खूप रडली. नवऱ्यामुलाच्या आईने बाहेर बाकड्यावर बसायचं? मग डोळे पुसून म्हणाली, नकोच जायला.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. इथल्या आपल्या मंडळात गणपतीच्या पूजेला दरवर्षी मी बसायचो. पोरगा धर्म सोडून गेला, हे सांगताना मान खाली जायची. पण "आम्हाला आतच घेत नाहीत हो" म्हटलं, की लोक हळहळायचे, पाठीवर हात ठेवायचे. मी बिचारा बाप झालो होतो. ते मला आवडायला लागलं होतं — हे लिहितानाही लाज वाटते.

आणि मग तो फोन आला.

मी इंजिनिअर आहे. हमद टाउनच्या साइटवर निघालो होतो. राउंडअबाउटच्या पुढे गाडी बाजूला घेतली. ओंकार ओरडतच होता, "बाबा, रूल चेंज झाला! आता वर्षभर थांबायला नको. आधी रेचलच्या घरी, बॅकयार्डमध्ये, सगळ्यांसमोर लग्न, मग दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पलला जाऊ. आईला सांगा, अंतरपाट घेऊन ये म्हणावं!"

मी म्हणालो, सांगतो.

घरी आलो. जेवलो. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. बंदी होती तोवर मी दुखावलेला बाप होतो. बंदी उठल्यावर मला जावं लागलं असतं, त्या लोकांत हसून उभं राहावं लागलं असतं, त्याचे फोटो मंडळात फिरले असते. किंवा मग जायचं नाही, आणि ते माझं मी ठरवलं असं कबूल करायचं. तेवढी तरी हिंमत होती का माझ्यात?

काही दिवसांनी ओंकारला सांगितलं — आई येणार नाही म्हणते, तिला हे लग्न मान्य नाही, तिच्याकडे विषय काढू नकोस, तिचं बीपी वाढतं. आणि अनघाला सांगितलं — त्याला लग्नाबद्दल काही विचारू नकोस, बिचाऱ्याचा नाइलाज आहे. नंतर बागेतले फोटो आले, ते रिसेप्शनचे म्हणून खपवले. दोघंही इतकी समजूतदार, की आजवर एकानेही दुसऱ्याला एका शब्दाने विचारलेलं नाही. माझं खोटं टिकलं ते त्यांच्या चांगुलपणावर.

पण एवढंच असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

लग्नाच्या दिवशी — तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ — अनघा पैठणी नेसून देवापुढे बसली होती. बाब अल बहरीनच्या सोनेबाजारातून सुनेसाठी आणलेलं मंगळसूत्र ताटात, शेजारी अक्षता. आपण इथून तरी टाकू, म्हणाली. मी हॉलमध्ये होतो. माझ्या फोनवर ओंकारचा व्हिडिओ कॉल आला. मागे हिरवळ, खुर्च्या, रेचलचे आईवडील, शेजारपाजारी. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. "बाबा, एकदा आईला द्या ना फोन. बोलू नको म्हणावं, नुसतं बघ." आतलं दार नीट लागलेलंही नव्हतं. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी हळूच म्हणालो, झोपली आहे रे ती.

त्याने मान हलवली आणि फोन ठेवला. मी आत गेलो, अनघाशेजारी बसलो आणि तिच्याबरोबर अक्षता टाकल्या.

गेल्या आठवड्यात ओंकारचा मेसेज आला — आईला एक विचारायचंय, समोरासमोर. मग दोन दिवसांपूर्वी भाजी निवडता निवडता अनघा म्हणाली, आला की त्याला जवळ बसवून एक विचारणार आहे, फार दिवस मनात आहे. काय, ते दोघांनीही सांगितलं नाही. मी तरी कशाला विचारू? दोघांचा प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर दोघांकडेही नाही. तेव्हापासून फोन वाजला तरी मी दचकतो.

आज दुपारी ती रेचलसाठी आणलेल्या साडीला फॉल लावत बसली होती. घरात आम्ही दोघंच. सुई थांबवून म्हणाली, "अहो, तेव्हा त्यांनी बोलावलं असतं ना, तर मी उडत गेले असते. तुम्हीही आला असतात — हो ना?"

सांगायचं असतं, तर ती वेळ होती. मी तिच्याकडे बघून हो म्हणालो.