टायपिंग नाही, टेस्टिंग

नीतूच्या तोंडचा घास कोणी कधी काढला नसेल, पण तोंडचा शब्द मात्र भिलाईत जो भेटला त्याने काढून घेतला. ती अडखळत बोलते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांशी घोटाळतं, पुन्हा पुन्हा येतं, आणि मग शब्द धडधाकट बाहेर पडतो. ऐकणाऱ्याला तेवढा धीर हवा, बाकी काही नको. तो कोणाला असतो? सिव्हिक सेंटरच्या बाजारात ठेल्यावर तिने "म... म..." म्हणायचा अवकाश, ठेलेवाला मंगोडीची, म्हणजे मूगभज्यांची, प्लेट पुढे करतो. तिला मोमो हवे असतात. कॉलेजभर तिने नको असलेल्या मंगोड्या गिळल्या, आणि वरून "बिचारी" हा शब्दही. त्या शब्दाने तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलगी हुशार. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्या कामाला टेस्टिंग म्हणतात. नोकरी करायची तर त्यातच, हे तिचं पक्कं होतं. रायपूरची एक कंपनी कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार म्हटल्यावर ती आपणहून प्लेसमेंटच्या केवलराम सरांकडे गेली. मला बोलायला वेळ जास्त लागेल, तेवढा द्यायला सांगा, आणि मधे कोणी माझा शब्द पुरा करू नका, एवढंच तिचं मागणं. ते मागायचा तिला हक्क होता. सर म्हणाले, "टेन्शन मत लो बेटा, मैं हूँ ना."

तिथेच माशी शिंकली. मुलाखतीला ती आत गेली तर सर आधीच तिच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसलेले! भीक नको पण कुत्रा आवर, असं तिला झालं.

कंपनीच्या वंदना मॅडमनी विचारलं, "कौन सा काम करना चाहोगी?"

"ट... टे..."

"टायपिंग, मॅडम," सर म्हणाले. "बहुत अच्छी टायपिंग है इसकी. कोने में बिठा दीजिए, किसी से बात भी नहीं करनी पड़ेगी."

नीतूने जोरात मान हलवली. "न... न... न..."

"नमस्ते बोल रही है, मॅडम."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तिचं 'नाही' त्या माणसाने 'नमस्ते' करून टाकलं, आणि वर हसला. नीतू उभी राहिली. राग आला की अक्षर जास्तच अडतं, हे तिला ठाऊक होतं. अडू दे, तिने ठरवलं.

"स... सर, त... तुम्ही ब... बा... बाहेर जा."

सरांना मराठी कळत नव्हती असं नाही. ते लाल झाले. "तुम्हारे पापा ने ही हाथ जोड़े थे मेरे सामने. बोले, बच्ची बोल नहीं पाती, सँभाल लेना."

हे मात्र तिला लागलं. पण ती बसली नाही. सर गेले, दार लागलं, तेव्हा तिने "टेस्टिंग" हा शब्द सावकाश पुरा केला. तोवर मॅडम थांबल्या. म्हणाल्या, सरांनी तुझं नाव टायपिंगलाच दिलंय, ते आज पक्कं करून देते. टेस्टिंगची परीक्षा सोमवारी रायपूरला आहे, तिथे यायचं तर ये, खात्री कसलीच नाही. नीतूने टायपिंग नाकारलं.

हुडको कॉलनीतल्या घरी सरांचा फोन तिच्या आधी पोचला होता.

"हाती आलेली नोकरी लाथाडली?" तिचे वडील गुलाबराव कडाडले. स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवणारा माणूस, आवाज तसाच मोठा. "मी त्या सरच्या पाया पडाले गेलो ते कावून? आता सोमवारी मी सुट्टी टाकतो. संगं येतो, तुह्या वतीनं बोलतो."

"बाबा..."

"भूक लागली असंन तिले," आई, सिंधुताई, मधेच म्हणाली.

"भूक न... नाही लागली मले!" नीतू ओरडली. बशी आपटली असती, हातात नव्हती. मग एकेक शब्द ओढून काढत, दोघांच्या तोंडाकडे टक लावून ती म्हणाली, "बाबा, म... मले बोलता येते. तु... तुमालेच आ... आयकता येत नाही."

गुलाबरावांनी मधे दोनदा तोंड उघडलं होतं आणि तिच्या नजरेने दोनदा मिटलं होतं. माफी मागायची त्या घरात रीत नाही.

"कितीची गाडी हाय सोमवारी?" त्यांनी विचारलं.

"स... स..."

सातची, सव्वासातची, सकाळची, सगळे शब्द त्यांच्या जिभेवर आले. सिंधुताईंनी ओठ हलवताच त्यांनी हात वर करून बायकोला गप्प केलं. जबडा आवळून ते लेकीकडे बघत राहिले.

नीतूने मुद्दाम घाई केली नाही.