थापांच्या फडात हरवलेला पायजमा

आमच्या गावात वर्षातून एकदा रीतसर खोटं बोलतात; एरवी हौसेनं बोलतात.

गाव नेकनूरजवळ. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर थापांचा फड भरतो. नियम सोपा. एकानं थाप मारायची आणि बाकीच्या स्पर्धकांनी मान डोलावून 'असंल बुवा' म्हणायचं. ज्याच्या तोंडून 'खोटं' निघालं तो बाद. बक्षीस गुलाबी फेटा. तो फेटा सलग चार वर्षं माझा साडू महादेव नेत होता, आणि माझ्या पोटात सलग चार वर्षं दुखत होतं. (डॉक्टर म्हणाले पित्त आहे. त्यांना साडू नसावा.)

नुसता फेटा असता तर सोसलं असतं. पण केजला सासरवाडीत महादेव फेटा बांधून आला की सासूबाई त्याच्या पोळीवर तूप ओतायच्या आणि माझ्या पोळीला नुसता चमचा दाखवायच्या. वर आमची कांता म्हणायची, "दाजींवानी बोलाया पायजे मानसानं." माझा नुसता जळफळाट व्हायचा. अजूनही होतो, लपवायचं काय!

यंदा ठरवलं, त्याची थापच आधी ऐकून ठेवायची. महादेव दुपारी म्हशीपुढे सराव करतो अशी पक्की बातमी होती. जत्रेच्या आधी एका दुपारी त्याच्या गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसलो. महादेव आला, खाटेवर पडला आणि घोरू लागला. मी वाट बघत राहिलो. तेवढ्यात म्हशीनं कडब्याबरोबर माझ्या पायजम्याची डावी बाजू तोंडात घेतली. ओरडावं तर साडू जागा होणार. मी गप्प बसलो, ती चघळत राहिली. शेवटी नाडी सोडून पायजमा तिच्या स्वाधीन केला आणि खताचं रिकामं पोतं गुंडाळून बोळाबोळानं घर गाठलं. कांताला सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो, पायजमा चाकात गेला. बिचारीनं हळद लावली. (कुठं लावू विचारलं तेव्हा मला जागा चटकन सुचेना.)

फडाच्या दिवशी एकेक जण बाद झाला. उरलो मी आणि महादेव. मी सांगितलं, माझ्या शेळीनं मोबाइल गिळला आणि तेव्हापासून ती आधी बाजारभाव सांगते, मग दूध देते. अख्खा पार हसून लोळला. निवाडा करणारे तात्या डोळे पुसत होते. महादेव शांतपणे म्हणाला, "असंल बुवा." आता त्याच्या थापेला मी एवढंच म्हटलं की तात्या निकाल देणार, आणि ते माझ्या बाजूला झुकलेच होते. मला सासूबाईंचं तूप दिसू लागलं.

महादेव उठला. म्हणाला, "परवाच्याला आमचे साडू आमच्या कडब्यात लपून बसलते. म्हशीनं त्यांचा पायजमा खाल्ला. बिचारे खताचं पोतं नेसून घरी गेलते. म्या खाटंवरून एका डोळ्यानं समदं बघितलं."

बायकांच्या घोळक्यातून कांता माझ्याकडंच बघत होती. इकडं फेटा, तिकडं बायको. "असंल..." इथपर्यंत मी आलोही. तेवढ्यात तिनं कमरेवर हात ठेवले.

"खोटं," मी किंचाळलो. "साफ खोटं हाय."

फेटा पाचव्यांदा महादेवच्या डोक्यावर चढला. फेटा गेला तर गेला, निदान घरात अब्रू राहिली, असं मनाला समजावत मी निघालो. वाटेत कांता म्हणाली,

"आवं, मोटारसायकल तर त्या दिशी सकाळधरनं दाजींकडंच व्हती. मला तवाच कळलं व्हतं."

थोडक्यात, थापांच्या फडात महादेव खरं बोलून जिंकला, आणि मी दोन दोन थापा मारून हरलो!