रुमालातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी मूळचा वसईचा, कॅथलिक धर्मगुरू. सिंगापूरच्या बंदरात येणाऱ्या खलाशांची विचारपूस करणं हे माझं काम. लोकांची पापं मी ऐकतो. कबुली द्यायची माझी पाळी आली की रागावलो, आळस केला, असली चिल्लर पापं सांगतो — आणि हे गिळून टाकतो. सात वर्षं झाली. शी!

परवा इथल्या मरीन परेड भागात एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटवर मुलांना गोष्ट सांगत होतो. फार पूर्वी कॅनडाच्या जंगलात, हुरॉन नावाच्या आदिवासी लोकांत राहिलेल्या एका जेझुइट पंथाच्या मिशनऱ्याची. त्यांची भाषा शिकला, त्यांच्या धुरकट घरांत झोपला, मक्याची पेज प्यायला. मग साथ आली, पोरं मरू लागली. हे काळे झगेवाले ज्याला पाणी लावतात तो मरतोच, असं म्हणत आईबाप बाप्तिस्मा, म्हणजे पाणी लावून ख्रिस्ती करून घेणं, करू देईनात. तेव्हा हा गडी ताप उतरवायच्या निमित्ताने कपाळावर ओला रुमाल ठेवायचा आणि ओठांतल्या ओठांत बाप्तिस्मा उरकायचा. मोठ्या चवीने सांगितलं मी! दहा वर्षांची एक पोर म्हणाली, "बट फादर, ही नेव्हर आस्क देम, अह?"

मी गोष्ट तिथंच आवरती घेतली. कारण — सांगू? — मीही विचारलं नव्हतं.

दत्ताराम गुहागरचा, जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला. डोक्याला मार लागून इथल्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडला होता. त्याची बायको सुनंदा पहिल्यांदाच विमानात बसून आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तीन दिवस मी तिच्यासोबत. चौथ्या दुपारी कंपनीचा एजंट तिला कसल्याशा सह्यांसाठी घेऊन गेला. जाताना तिने गंगेच्या पाण्याची इवलीशी बाटली माझ्या हातात दिली. "फादर, तुम्ही आपलेच. मी नसताना काही झालंच, तर एवढं यांच्या तोंडात घाला."

ती गेली, आणि थोड्याच वेळात यंत्रं वाजू लागली. मी काय केलं? बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं — सगळं — त्याच्या कपाळावर पिळलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द पुटपुटलो. नर्सला वाटलं, घाम पुसतोय. दत्तारामने कधी मागितलं होतं हे? तिच्याच पाण्याने, तिच्या नवऱ्यावर! त्याच्या आत्म्याची काळजी वगैरे मी मागाहून जोडलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की मीही त्या मिशनऱ्याइतका मोठा झालो. माणूस मरत होता आणि माझी छाती फुगली होती. किळस येते हो मला माझी. त्याच्या ओठांना थेंबसुद्धा लावला नाही.

सुनंदा परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आधी रडली नाही. रिकामी बाटली पाहून विचारलं, "घातलंत ना?"

मी हो म्हणालो. तिने तिथंच वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं.

दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी तिचा फोन येतो. शेवटचं पाणी तुमच्या हातून तरी मिळालं, म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे, म्हणते. आणि मी दर वर्षी म्हणतो — हो.