बल्बच्या उजेडातला फिरोजी

चंदीगडला बदली झाली तेव्हा हवाई दलाच्या वसाहतीत घर रिकामं नव्हतं. म्हणून आम्ही एका सेक्टरमध्ये वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक राहायचे, एक वयस्क शीख जोडपं. सगळे त्यांना दारजी आणि बीजी म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

पंजाबातले ते दहशतीचे दिवस असे होते की अंधार पडायच्या आत माणसं घर गाठायची. कोणाला जरा उशीर झाला की घरातलं कुणीतरी फाटकाशी येऊन उभं राहायचं. बीजी भर दुपारीही उभ्या असायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा जवळच्याच डेराबस्सी गावातल्या एका कारखान्यात नोकरीला होता. आम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्यात तो सकाळी कामावर गेला आणि परतलाच नाही. कोणी म्हणे अतिरेक्यांनी नेलं, कोणी म्हणे पोलिसांनी. जो सांगायचा तो आवाज खाली करून सांगायचा.

मी मालवणची. इतक्या कोरड्या गावात कधी राहिले नव्हते. माझी घालमेल बघून यांनी वाढदिवसाला काचेची टाकी आणली. "समुद्र हवाय ना तुला? घे, घरातच कर," म्हणाले. भावाने मुंबईहून समुद्री माशांसाठीचं खास मीठ पाठवलं आणि दोन इवले निळे मासे प्लॅस्टिकच्या पिशवीतून, विमानाने येणाऱ्या यांच्या मित्राच्या हाती धाडले. नवशिक्यांना हेच बरे, सहसा मरत नाहीत, असा निरोपही होता.

टाकीवरच्या पत्र्याच्या झाकणात एक साधा पिवळा बल्ब होता. त्या उजेडात माझे निळे मासे काजळी धरल्यासारखे दिसायचे. शिवाय बल्बने पाणी तापायचं. मी बाजारात जाऊन मासेवाल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "बल्ब काढून टाका जी. गोड्या पाण्याला चालतो, याला नाही. ट्यूब लावा. एक पांढरी नेऊन बघा, एक निळसर. आवडेल ती ठेवा, दुसरी परत आणा."

बीजी तोवर रोज वर येऊ लागल्या होत्या. चुन्नी सावरत टाकीसमोरच्या वेताच्या मोढ्यावर बसायच्या आणि माशांकडे बघायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. त्यांना बोलतं करावं असं मला वाटायचं, पण काय विचारायचं हे सुचायचं नाही. मग मी चहा करायचे.

ट्यूब आणल्या त्या संध्याकाळीही त्या बसल्या होत्या. यांनी वायरी जोडल्या, पडदे ओढले. आधी बल्ब लावला, तुलना करायला. नेहमीचे काळपट मासे. मग बल्ब बंद करून पांढरी ट्यूब लावली. ती दोनदा लुकलुकली आणि लागली. मासे एकदम निळे झाले. असे निळे, की मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

"हे तेच मासे?" बीजींनी विचारलं.

"तेच की, बीजी."

"फिरसे कर. बल्ब लाव."

यांनी बल्ब लावला. मासे काळे. ट्यूब लावली. मासे निळे. बीजी उठल्या आणि खाली गेल्या. आम्हाला वाटलं, गॅसवर काही ठेवलं असेल.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली पगडी होती. लांबलचक मलमल, फिरोजी रंगाची. रंगाऱ्याकडे स्वतः बसून त्यांनी ती रंगवून घेतली होती. कापडाच्या एकाच ताग्यातून दोन. त्यातली एक बांधून त्यांचा मुलगा त्या दिवशी कामावर गेला होता.

त्यांनी ती झाकणाखाली धरली. "बल्ब," त्या म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बल्ब लागला आणि त्या पगडीचा फिरोजी गेला. उरला एक मळकट, हिरवट राखाडी रंग, शेवाळ वाळल्यासारखा.

"पुत्तर, कोणता रंग आहे?"

बीजींनीच उत्तर दिलं. "हाच होता."

मग त्या बसल्या आणि बोलल्या. मुलगा गेल्यानंतर काही दिवसांनी त्यांना इस्पितळातून बोलावणं आलं होतं. कालव्यात एक मुलगा सापडला होता. दारजी दारातच खाली बसले, म्हणून आत बीजी गेल्या. चेहरा ओळखण्याजोगा राहिला नव्हता. अंगावरचे कपडे कुणाचेही असू शकले असते. पगडी तेवढी बाजूला ठेवली होती. खोलीत छताला एक बल्ब होता, तोही मिणमिणता. बीजींनी पगडी बघितली आणि म्हणाल्या, आमच्या मुलाची फिरोजी होती, ही नाही. त्या आनंदाने बाहेर आल्या होत्या. दारजींना हात धरून त्यांनीच उठवलं होतं. त्या मुलावर कोणी हक्क सांगितला नाही. पुढे त्याला बेवारस म्हणून अग्नी दिला गेला.

"सलवारचं कापड घेताना मी दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघते," बीजी म्हणाल्या. "तिथे म्हटलं नाही, की जरा बाहेर आणून दाखवा."

"बीजी, ओल्या कापडाचाही रंग बदलतो," हे म्हणाले. "कालव्याचं पाणी गढूळ असतं. यावरून काहीच ठरत नाही."

"हां बेटा. नाही ठरत." त्यांनी पगडीची नीट घडी घातली. "आधी ठरलं होतं."

दुसऱ्या दिवशी दारजी इस्पितळात जाऊन आले. तिथे आता दाखवण्यासारखं काही नव्हतं. जिन्यात मला भेटले तेव्हा त्यांनी हात जोडले. मी घाबरले, वाटलं रागावतील. ते म्हणाले, "इतके महिने ती रडली नव्हती. काल रडली."

पुढच्या महिन्यात त्यांनी मुलासाठी घरी गुरु ग्रंथसाहिबाचा पाठ ठेवला. भोगाच्या, म्हणजे पाठ संपण्याच्या दिवशी मी खाली पोळ्या लाटायला बसले होते. शेवटच्या प्रार्थनेच्या, अरदासीच्या वेळी पाठ वाचणाऱ्या ग्रंथींनी मुलाचं नाव विचारलं. दारजींनी सांगितलं. बीजी मध्येच म्हणाल्या, "आणि तो आमचा नसेल, तर त्याच्यासाठीही करा. त्याची आई कुठेतरी वाट बघत असेल." ग्रंथींनी तसंच म्हटलं.

पांढरी ट्यूब मी ठेवून घेतली, निळसर परत केली. मासे छान जगले. बीजी मात्र पुन्हा वर आल्या नाहीत. आम्ही तिथे होतो तोवर त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या, मोहरीच्या पाल्याचं साग केलं की वाटी वर पाठवायच्या. मी टाकीजवळ एकटी बसायचे. कधीकधी पाण्याकडे बघताना मनात यायचं, तो मुलगा खरंच दुसऱ्याच कोणाचा असेल आणि बीजींचा कुठेतरी जिवंत असेल. मग खाली फाटकाची कडी वाजायची आणि मी जागची हलायचे नाही, कोण आलंय ते ऐकत राहायचे. बहुतेक वेळा दूधवाला असायचा.